मिसिसिपीची मतदारयादी

मतदारयादी तयार करणे हे सरकारचे काम आहे, अशी आपल्या देशातील नागरिकाची समजूत पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून दृढ झालेली आहे. गणनेसाठी आलेला शिक्षक किंवा तलाठी दारात उभा राहतो, घरात सज्ञान माणसे किती म्हणून विचारतो आणि नावे लिहून घेतो. यादीत नाव नसेल तर आपण तक्रार करतो. नाव असले तर त्यात काही विशेष घडले असे आपल्याला वाटत नाही. यामुळे अमेरिकेतील कृष्णवर्णीय जनतेच्या मताधिकाराच्या लढ्याचा इतिहास वाचू लागले की प्रारंभी थोडे बुचकळ्यात पडावयास होते. अधिकार तर घटनेने १८७० सालीच दिला होता. मग १९६० नंतरच्या वर्षांत त्यासाठी माणसांना प्राण का गमवावे लागले?

या प्रश्नाचे उत्तर वॉशिंग्टनमध्ये सापडत नाही. ते राज्यांच्या राजधान्यांत आणि त्याहूनही खाली, काउंटीच्या न्यायालयातील एका कारकुनाच्या टेबलावर सापडते. अमेरिकेच्या संघराज्यात मतदार कोणी व्हावे हे ठरविण्याचा अधिकार प्रथमपासून राज्यांकडे राहिला. पंधराव्या घटनादुरुस्तीने एवढेच सांगितले की वंश, वर्ण किंवा पूर्वीचे दास्य या कारणांवरून कोणाचा मताधिकार नाकारता येणार नाही. अन्य कोणत्याही कारणावरून तो नाकारण्यास राज्ये मोकळी होती, आणि कारणे शोधून काढण्यात मिसिसिपी राज्याने जी कल्पकता दाखविली तिला तोड नाही. म्हणून या लढ्याची खरी ओळख करून घ्यावयाची तर याच एका राज्याची हकीगत पाहणे सोयीचे होईल.

यादवी युद्धानंतरची काही वर्षे मिसिसिपीत निराळे चित्र होते. राज्यात कृष्णवर्णीयांची बहुसंख्या होती आणि ते मते देत होते. अमेरिकेच्या सेनेटमध्ये बसलेला पहिला कृष्णवर्णीय सभासद हायरम रेव्हल्स हा १८७० साली याच राज्याने पाठविला. त्यानंतर ब्लँच ब्रूस हा पूर्वी गुलाम असलेला गृहस्थ १८७५ ते १८८१ पर्यंत पूर्ण मुदतभर तेथे बसला. परंतु १८७५ च्या निवडणुकीत गोऱ्यांच्या सशस्त्र टोळ्यांनी मतदारांत दहशत पसरविली आणि राज्याचे विधिमंडळ ताब्यात घेतले. बंदुकीने मिळविलेली सत्ता कायद्याने पक्की करण्याचे काम १८९० साली झाले. त्या वर्षी भरलेल्या घटनापरिषदेत १३४ सभासद होते. त्यांत कृष्णवर्णीय एक. परिषदेने केलेली घटना जनतेच्या कौलासाठी ठेवण्यातही आली नाही.

या घटनेत ‘काळा’ किंवा ‘गोरा’ हा शब्द मतदाराच्या पात्रतेच्या संदर्भात कोठेही नव्हता. तिने मागणी केली ती दोन डॉलर वार्षिक डोईपट्टीची, आणि ती भरल्याच्या पावत्यांची. तिने मागणी केली ती अशी की मतदाराला राज्यघटनेचे कोणतेही कलम वाचता यावे, किंवा वाचून दाखविल्यास त्याचा अर्थ सांगता यावा. वरवर पाहिले तर यात आक्षेप घेण्यासारखे काय आहे? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयालाही १८९८ साली तसे काही दिसले नाही आणि मिसिसिपीची घटना निर्वेध ठरली. पुढे दक्षिणेकडील अनेक राज्यांनी हाच कित्ता गिरविला.

कलम कोणते विचारावयाचे आणि उत्तर बरोबर की चूक, हे ठरविणार होता सर्किट न्यायालयाचा कारकून. ‘कारकून’ या शब्दाने आपल्या डोळ्यांसमोर एखादा सामान्य नोकर उभा राहील, पण हे निवडणुकीने मिळणारे पद होते आणि त्याला निवडून देणारे मतदार अर्थातच गोरे होते. घटनेत २८५ कलमे. गोऱ्या अर्जदाराला कर्जासाठी कोणास तुरुंगात टाकू नये एवढ्या अर्थाचे चार शब्दांचे कलम देता येई. कृष्णवर्णीय शिक्षकाला महामंडळांच्या करआकारणीचे कलम देऊन त्यावर निबंध लिहावयास सांगता येई. १९५४ साली दुरुस्ती करून वाचन, लेखन आणि अर्थकथन या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या गेल्या, आणि नागरिकाच्या कर्तव्यांवर चार ओळी लिहिण्याची त्यांत भर पडली. एकवीस प्रश्नांचा अर्ज भरताना एखादी सही चुकीच्या रेषेवर झाली तरी तो बाद. फॉरेस्ट काउंटीत थेरॉन लिंड या कारकुनाने १९५९ साली पदभार घेतल्यापासून पहिल्या दोन वर्षांत एकाही कृष्णवर्णीयाचे नाव नोंदले नाही. केंद्र सरकारने त्याच्यावर खटला भरला तेव्हा कोठे हे दप्तर उघडे झाले.

येथे आपल्या घटनासमितीतील एक प्रसंग आठवल्यावाचून राहत नाही. १९४९ च्या जून महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मूळ मसुद्यातील योजना बदलून, राज्यांच्या निवडणुकांसाठीसुद्धा एकच मध्यवर्ती निवडणूक आयोग असावा अशी दुरुस्ती मांडली. प्रांतांच्या अधिकारांवर हे आक्रमण आहे असा आक्षेप येणार हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी दिलेले कारण स्पष्ट होते : काही प्रांतांत वंशाने, भाषेने किंवा संस्कृतीने निराळ्या असलेल्या लोकांची नावे यादीतून वगळण्यात येत असल्याच्या तक्रारी आल्या आहेत. यादी ज्याच्या हाती, मताधिकार त्याच्या हाती, हे त्यांनी ओळखले होते. मिसिसिपीत यादी ज्यांच्या हाती होती त्यांनी ती सत्तर वर्षे सोडली नाही.

टेबलावरची परीक्षा हा अडथळ्याचा केवळ अर्धा भाग होता. उरलेला अर्धा न्यायालयाच्या पायऱ्यांवरून खाली उतरल्यावर सुरू होई. १९६२ च्या एका कायद्याने अर्जदारांची नावे स्थानिक वृत्तपत्रात दोन आठवडे प्रसिद्ध करण्याची तरतूद केली. याचा अर्थ मालकाला, सावकाराला, दुकानदाराला आणि ज्याला दगड किंवा गोळी मारावयाची आहे त्याला नावे घरपोच मिळू लागली. पाद्री जॉर्ज ली यांना १९५५ च्या मे महिन्यात बेल्झोनी येथे गोळ्या घालण्यात आल्या. त्यांनी नावे नोंदविण्याची चळवळ चालविली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लामार स्मिथ हे ब्रुकहेव्हनच्या न्यायालयासमोरील हिरवळीवर भरदिवसा मारले गेले. १९६१ साली हर्बर्ट ली या शेतकऱ्याला ठार करणारा मनुष्य राज्याच्या विधानसभेचा सभासद होता, आणि त्याला शिक्षा झाली नाही. मेडगर एव्हर्स यांचा खून १२ जून १९६३ रोजी त्यांच्या घरासमोर झाला. खुन्याला दोषी ठरविण्यास १९९४ साल उजाडले.

अशा राज्यात पुढे येण्याचे धैर्य कोणाला झाले असेल? श्रोत्यांनी या प्रश्नाचा विचार केवळ धैर्याच्या अंगाने करू नये. त्यामागे एक अर्थशास्त्र आहे. मिसिसिपी नदीच्या काठच्या ‘डेल्टा’ नावाच्या सखल कापूस-प्रदेशात बहुसंख्य कृष्णवर्णीय कुटुंबे गोऱ्या मळेवाल्यांची जमीन अर्धेलीने करीत. घर मालकाचे, बियाणे मालकाचे, हिशेबाची वही मालकाची. नाव नोंदवावयास गेलेला बटाईदार त्याच दिवशी बेघर होऊ शकत होता. म्हणून प्रारंभीचे पुढारी पाहिले तर ते निराळ्या थरांतले दिसतात. क्लार्क्सडेलचे आरन हेन्री यांचे स्वतःचे औषधांचे दुकान होते. क्लीव्हलंडचे अ‍ॅमझी मूर टपालखात्यात होते. त्यांचा पगार केंद्राकडून येत असल्यामुळे गावातील गोऱ्यांना तो सहजी तोडता येत नव्हता. होम्स काउंटीतील माइलस्टन या वस्तीत मंदीच्या काळात केंद्र सरकारच्या एका योजनेने जमिनी विकत मिळालेले कृष्णवर्णीय शेतकरी होते. ९ एप्रिल १९६३ रोजी लेक्सिंग्टनच्या न्यायालयात नाव नोंदविण्यासाठी जे चौदा जण गेले त्यांत हेच स्वतःच्या जमिनीवर उभे असलेले लोक प्रामुख्याने होते. त्यांच्यापैकी हार्टमन टर्नबो यांच्या घरावर महिन्याभरात आगीचे गोळे फेकले गेले, आणि आपलेच घर आपण जाळल्याचा आरोप ठेवून पोलिसांनी त्यांनाच धरून नेले.

शेजारच्या लिफ्लोर काउंटीने तर १९६२ च्या हिवाळ्यात केंद्राकडून येणारे शिलकी धान्य वाटणे बंद केले. कापसाची वेचणी संपल्यावर हजारो कुटुंबे त्या पिठावर आणि डाळीवर जगत. चळवळीच्या तरुणांनी मग बाहेरगावांहून धान्य आणवून वाटले. आणि धान्य घेण्यास आलेल्या माणसाशी मतदारयादीविषयी बोलणे सोपे झाले. ज्यांनी पोटावर मारण्याचा डाव टाकला त्यांनीच चळवळीला श्रोते मिळवून दिले, असे म्हणावयास हरकत नाही.

हे तरुण म्हणजे ‘विद्यार्थी अहिंसक समन्वय समिती’चे कार्यकर्ते. त्यांच्यातील बॉब मोझेस हा न्यूयॉर्कमधील गणिताचा शिक्षक. १९६० साली अ‍ॅमझी मूर यांनी त्याला सांगितले की आम्हाला उपाहारगृहात गोऱ्यांच्या शेजारी बसावयाचे नाही. आम्हाला मत पाहिजे. मोझेसची रीत अशी की सभेत मागे बसावे आणि गावच्या माणसाला बोलते करावे. पुढाऱ्याने येऊन उद्धार करावयाचा ही कल्पना त्याला आणि एला बेकर या ज्येष्ठ संघटक स्त्रीला मान्य नव्हती. १९६२ साली निरनिराळ्या संस्थांनी मिळून एक संयुक्त परिषद उभारली. तिचे अध्यक्ष आरन हेन्री आणि कार्यक्रमाचे सूत्रधार मोझेस.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये रूलव्हिल या खेड्याच्या चर्चमध्ये सभा भरली. सभेत जेम्स बेव्हल यांचे प्रवचन झाले. या बेव्हल यांना अहिंसेचे शिक्षण नॅशव्हिल येथे जेम्स लॉसन यांच्याकडे मिळाले होते. आणि लॉसन हे १९५३ ते १९५६ पर्यंत आपल्या नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते, तेथे ते मुलांना खेळ शिकवीत आणि गांधीजींच्या मार्गाचा अभ्यास करीत. नागपूरहून रूलव्हिलपर्यंतचा हा धागा फारसा कोणाच्या ध्यानात नसतो, म्हणून सांगितला.

सभेला एक चव्वेचाळीस वर्षांची स्त्री आली होती. वीस भावंडांतली ती शेवटची, मळ्यावर हजेरी मांडणारी, सहा वर्षांची असल्यापासून कापूस वेचलेली. तिचे नाव फॅनी लू हेमर. कृष्णवर्णीय माणसाला मत देता येते ही गोष्ट तोपर्यंत तिला कोणी सांगितलीच नव्हती. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी एका जुन्या बसगाडीतून अठरा माणसे इंडियानोलाच्या न्यायालयात गेली. हेमरबाईंपुढे राज्यघटनेचे सोळावे कलम आले. लॅटिन परिभाषेचे ते कायदेवचन त्यांना उमगले नाही आणि त्या नापास झाल्या. परतीच्या वाटेवर बस अडविण्यात आली. गाडीचा पिवळा रंग शाळेच्या बससारखा आहे, हा गुन्हा! दंडाची रक्कम उतारूंनी आपसांत जमवून भरली. घरी पोचतात तो मळेवाला वाट पाहत होता. अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड. मी तुमच्यासाठी नव्हे तर माझ्यासाठी नाव नोंदवावयास गेले होते, अशा अर्थाचे उत्तर देऊन अठरा वर्षांची नोकरी त्यांनी त्या रात्री सोडली. पुढे थोड्याच दिवसांत, ज्या घरी त्यांनी आसरा घेतला होता त्या घरावर गोळ्या झाडण्यात आल्या. जानेवारी १९६३ मध्ये त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या. मत देण्यास गेल्या तेव्हा दोन वर्षांच्या डोईपट्टीच्या पावत्या नाहीत म्हणून परत पाठविल्या गेल्या. त्याच जूनमध्ये विनोना गावच्या तुरुंगात त्यांना जी मारहाण झाली तिची व्यथा त्यांना जन्मभर पुरली.

आतापर्यंत वर्णिलेल्या मार्गाने, म्हणजे एकेक माणूस एकेका टेबलापुढे उभा करून, राज्य बदलणार नव्हते. ही गोष्ट चळवळीच्या ध्यानात आली आणि येथूनच तिची सर्वांत विलक्षण कल्पना निघाली. मिसिसिपीचे गोरे पुढारी म्हणत की काळ्यांना राजकारणात रसच नाही. तेव्हा १९६३ च्या नोव्हेंबरमध्ये चळवळीने स्वतःच निवडणूक घेतली. गव्हर्नरपदासाठी आरन हेन्री आणि त्यांच्या जोडीला एड किंग हे गोरे पाद्री असे उमेदवार उभे केले. मतपेट्या चर्चमध्ये, केशकर्तनालयांत, रस्त्याच्या कडेला. ऐंशी हजारांहून अधिक लोकांनी मते दिली. ही मते कायद्याने कोणी मोजणार नव्हते. परंतु रस नसल्याचा दावा मात्र निकालात निघाला.

पुढची पायरी म्हणजे स्वतःचा पक्ष. मिसिसिपीत डेमोक्रॅटिक पक्ष हाच एकमेव पक्ष असल्यासारखा होता. त्याच्यात प्रवेश म्हणजे राज्यकारभारात प्रवेश, आणि तो गोऱ्यांपुरता होता. २६ एप्रिल १९६४ रोजी जॅक्सन येथे ‘मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी’ स्थापन झाली. या पक्षाने घोषणांपेक्षा नियमावलीवर अधिक भर दिला, आणि मला त्याचे थोरपण यातच दिसते. प्रथम त्याचे लोक जूनमध्ये अधिकृत पक्षाच्या प्रभागसभांना गेले. अनेक ठिकाणी दारे बंद होती. काही ठिकाणी ठरल्या जागी सभाच नव्हती. याची नोंद ठेवून मग त्यांनी स्वतःच्या सभा भरविल्या : आधी प्रभाग, मग काउंटी, मग जिल्हा, आणि ६ ऑगस्टला राज्याची परिषद, सर्व काही राष्ट्रीय पक्षाच्या नियमांबरहुकूम. ज्यांनी आयुष्यात कधी ठराव मांडलेला नव्हता ते शेतकरी आणि मोलकरणी ठराव मांडण्यास, दुरुस्ती सुचविण्यास, मते मोजण्यास शिकल्या. राज्याने ज्यांना अपात्र ठरविले होते त्यांनी राज्यातील एकमेव नियमशुद्ध परिषद भरविली.

तो उन्हाळा रक्तबंबाळ गेला. बाहेरून आलेल्या शेकडो विद्यार्थी-स्वयंसेवकांच्या साहाय्याने सुमारे सतरा हजार लोक न्यायालयांत गेले. त्यांपैकी सुमारे सोळाशेंचे अर्ज मान्य झाले. २१ जूनला जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वेर्नर हे तीन कार्यकर्ते नाहीसे झाले. मातीच्या एका बांधाखाली त्यांची प्रेते ४ ऑगस्टला सापडली.

अशा पार्श्वभूमीवर अडुसष्ट प्रतिनिधी, त्यांत चार गोरे, अटलांटिक सिटी येथील राष्ट्रीय अधिवेशनास गेले आणि आम्हीच मिसिसिपीचे खरे प्रतिनिधी आहोत असा दावा त्यांनी पात्रता-समितीपुढे मांडला. २२ ऑगस्टला हेमरबाईंची साक्ष दूरचित्रवाणीवरून देशभर दिसू लागली. अध्यक्ष जॉन्सन यांनी घाईघाईने पत्रकार बोलाविल्यामुळे ती मध्येच तुटली. पण रात्रीच्या बातम्यांत ती पुन्हा दाखविली गेली आणि अधिक लोकांनी पाहिली. पक्षाचे वकील जोसेफ राऊ यांचा हिशेब साधा होता : समितीतील अकरा सभासद आणि आठ राज्ये मिळाली की प्रश्न खुल्या अधिवेशनात मतास जाईल. तेवढी मते आरंभी दिसत होती. नंतर एकेका सभासदावर दडपण आले, आणि ती विरघळली. जॉन्सन यांना दक्षिणेतील राज्ये हातची जाण्याची धास्ती होती. तडजोड पुढे आली ती अशी : दोन जागा, त्याही मिसिसिपीच्या नव्हे तर सर्वसाधारण, त्यांवर हेन्री आणि किंग यांनी बसावे, आणि १९६८ पासून वर्णभेद करणारी प्रतिनिधिमंडळे घेतली जाणार नाहीत.

ही तडजोड स्वीकारावी असे डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासारख्यांनाही वाटत होते, आणि त्यांच्या म्हणण्यात व्यवहार नव्हता असे नाही. तथापि तडजोडीत एक गोष्ट अशी होती जी मान्य करणे त्या प्रतिनिधींना शक्य नव्हते. आमच्या वतीने कोणी बसावे हे वॉशिंग्टनने ठरविले होते. इंडियानोलाच्या टेबलावर जे घडले तेच येथे अधिक सभ्य भाषेत घडत होते. त्यांनी नकार दिला. गंमत अशी की ज्यांची मने राखण्यासाठी हा खटाटोप झाला त्या गोऱ्या प्रतिनिधींपैकी बहुतेक निघून गेले, आणि नोव्हेंबरमध्ये मिसिसिपीने शेकडा ८७ मते जॉन्सन यांच्या प्रतिस्पर्ध्याला दिली.

जानेवारी १९६५ मध्ये हेमर, व्हिक्टोरिया ग्रे आणि अ‍ॅनी डिव्हाइन या तीन स्त्रियांनी मिसिसिपीच्या पाच प्रतिनिधींच्या निवडीलाच लोकसभागृहात आव्हान दिले. शपथविधीच्या दिवशी १४९ सभासदांनी त्यांच्या बाजूने मत दिले, विरुद्ध २७६. सप्टेंबरमध्ये आव्हान फेटाळले गेले. पण त्यासाठी राज्यभर घेतलेल्या शेकडो जबान्यांत टेबलावरच्या कारभाराचा पुरावा शपथेवर नोंदला गेला होता. दरम्यान अलाबामातील सेल्मा येथे मार्चमध्ये झालेल्या लाठीमाराने देश हादरला आणि ६ ऑगस्ट १९६५ रोजी मताधिकाराचा कायदा झाला. त्याने साक्षरतेच्या कसोट्या स्थगित केल्या, जेथे कारकून नाव नोंदीत नाही तेथे केंद्राचे अधिकारी बसविले, आणि अशा राज्यांना निवडणुकीच्या नियमांत कोणताही बदल करण्यापूर्वी केंद्राची संमती घेणे भाग पाडले. परिणाम आकड्यांत सांगता येतो. मिसिसिपीतील पात्र कृष्णवर्णीयांपैकी कायद्यापूर्वी शेकडा ६·७ यादीत होते. १९६७ मध्ये शेकडा ५९·८.

यादीचा प्रश्न सुटताच राज्याने डाव बदलला. १९६६ च्या अधिवेशनात विधिमंडळाने काउंटीच्या मंडळाची निवडणूक प्रभागवार न घेता सबंध काउंटीतून एकत्र घेण्याची मुभा दिली. पाच प्रभागांपैकी दोहोंत कृष्णवर्णीयांचे आधिक्य असले तर प्रभागवार निवडणुकीत त्यांना दोन जागा मिळतील. एकत्र निवडणुकीत एकही नाही. मत देता येते, पण ते विरघळून जाते. अकरा काउंट्यांत शाळाप्रमुखाचे पद निवडणुकीऐवजी नेमणुकीने भरावयाचे ठरले. फ्रीडम पक्षाचे लोक पुन्हा न्यायालयात गेले आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने असे बदलही केंद्राच्या संमतीवाचून करता येणार नाहीत असा निर्णय दिला. २०१३ साली त्याच न्यायालयाने कोणत्या राज्यांनी संमती घ्यावी हे ठरविणारे सूत्र रद्द केल्यामुळे ती तरतूद निष्प्रभ झाली, ही गोष्टही येथेच सांगून टाकली पाहिजे.

होम्स काउंटीने १९६७ साली रॉबर्ट क्लार्क या शिक्षकाला राज्याच्या विधानसभेत पाठविले. त्या शतकात तेथे पोचलेले ते पहिले कृष्णवर्णीय. १९७६ पर्यंत ते एकटेच होते. १९७९ साली एकसदस्य मतदारसंघ लागू झाले तेव्हा संख्या सतरावर गेली, आणि १९९२ साली क्लार्क सभागृहाचे उपसभापती झाले.

१८९० च्या घटनेचे एक कलम मात्र या सर्व वादळांतून टिकून राहिले. लाच, चोरी, जाळपोळ, खोट्या सह्या, द्विभार्या अशा काही गुन्ह्यांसाठी शिक्षा झालेल्याचा मताधिकार ते कायमचा काढून घेते; मूळ यादीत खुनाचा उल्लेख नव्हता. घटनाकारांनी कोणते गुन्हे कोणाच्या माथी येतात असे मानून ही निवड केली, हे राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयाने १८९६ साली उघडपणे लिहून ठेवले. १९६८ साली यादीत खून आणि बलात्कार यांची भर पडली. २०२४ साली केंद्रीय अपील न्यायालयाने हे कलम कायम ठेवले. ज्याचे मत अशा रीतीने गेले आहे त्याला ते परत मिळविण्याचा विधिमंडळाचा मार्ग घटनेने असा घालून दिला आहे : एखाद्या सभासदाने त्या माणसाच्या नावाने स्वतंत्र विधेयक आणावे, आणि ते दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मतांनी संमत व्हावे.